समकक्ष

पोलंडच्या पाहुणीची गाडी कुलगुरूंच्या कार्यालयासमोर थांबायची होती. ती मुलींच्या वसतिगृहासमोर थांबली.

यात अश्विनची तशी चूक नव्हती. परदेशी पाहुण्यांचं स्वागत समकक्ष पदावरच्या व्यक्तीनेच करावं, असं परिपत्रक होतं. अश्विन कनिष्ठ लिपिक. परिपत्रकाबाहेर विचार करण्याची त्याची श्रेणी नव्हती. त्याने तक्ता केला. लंडनच्या रीडरला वाचनालयात पाठवलं. जर्मनीच्या 'प्रिव्हाटडोझेंट' हुद्द्याच्या अध्यापकाला सीताबर्डीत एका प्रायव्हेट ट्यूशनवाल्याकडे दिलं. दोघांचीही अजून तक्रार नव्हती. पोलंडच्या बाईंच्या नावापुढे 'रेक्टर' होतं, आणि रेक्टर म्हणजे हॉस्टेलची बाई, हे नागपुरात कोणीही सांगेल. नावाआधी 'महातेजस्वी' अशा अर्थाचं काहीतरी इंग्रजीत होतं. ते वाचून अश्विनला बरंच वाटलं. तिकडे हॉस्टेलवाल्यांनाही मान देतात.

रेक्टर शोभाताई फाटकात उभ्या होत्या. अकरा वर्षांत त्यांना भेटायला फक्त पालक आले होते, तेही भांडायला.

"या, या मॅडम. तुमच्याकडे पोरी किती?"

तिसऱ्या मजल्यावरची पायल इंग्रजीत एम.ए. करत होती, म्हणून ती दुभाषी.

"मुलं-मुली मिळून बावीस हजार," रेक्टर झारेम्बा म्हणाल्या.

"माय वं! अन् मेस किती?"

"सतरा."

शोभाताईंनी त्यांचा हात हातात घेतला. "मले एकच हाये, तरी बीपीची गोळी चालू हाये."

तेवढ्यात तीन मुली भरलेल्या बादल्या घेऊन जिन्याकडे गेल्या. झारेम्बाबाईंनी विचारलं, हा व्यायाम आहे का?

"नाही, मोटर जळाली," पायल म्हणाली. दिवाळीपासून तिसऱ्या मजल्यावर पाणी चढत नव्हतं. बावन्न मुली खालून पाणी नेत होत्या. शोभाताईंचे नऊ अर्ज गेले होते. दहावा त्यांनी लिहायला घेतला होता, पण त्यात आता नवीन काय लिहावं ते सुचत नव्हतं.

"पण तुम्ही रेक्टर आहात ना?" झारेम्बाबाई गोंधळल्या. "मग सही करा."

"माझ्या सहीनं रविवारचा गेटपास भेटते. तुमच्या सहीनं काय भेटते?"

पायलनं विचारलं, ऐकलं आणि जरा दबकून सांगितलं, "मॅडम, त्यांच्या सहीनं सगळंच होते. तिकडे अख्खं विद्यापीठ रेक्टरच चालवतात म्हणे."

शोभाताईंनी पाहुणीला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"हॉस्टेल सांभाळून?"

झारेम्बाबाईंनी कोट काढून शोभाताईंच्या हातात दिला, बाह्या वर केल्या आणि नळाखालची बादली उचलली.

त्याच वेळी फाटकातून कुलगुरू धावत आले. मागून हुद्द्याप्रमाणे बाकीचे. सगळ्यात शेवटी अश्विन, आणि त्याच्याही मागे गुलदस्ता घेऊन शिपाई रुपराव.

"थांबा," शोभाताई म्हणाल्या. "पुरुषांनी रजिस्टरमध्ये लिहिल्याशिवाय आत यायचं नाही."

रजिस्टरमध्ये 'मुलीशी नाते' असा रकाना होता. कुलगुरूंनी घाईत 'कुलगुरू' असं लिहिलं. बाकीच्यांनी खाली 'वरीलप्रमाणे' लिहिलं.

पाहुणी तोवर पहिल्या पायरीवर पोचली होती. पाहुणीनं बादली उचलावी हे शिष्टाचारात बसेना. कुलगुरूंनी ती ओढून घेतली. कुलगुरूंनी बादली धरावी हे प्र-कुलगुरूंना बघवेना. त्यांनी दोन पायऱ्या चढून ती घेतली. ती कुलसचिवांनी घेतली, त्यांच्याकडून उपकुलसचिवांनी, मग सहायक कुलसचिवांनी, मग अधीक्षकांनी, मग अश्विननं. तिसऱ्या मजल्यावर रुपराव उभा होता. त्याच्या खालचं पद विद्यापीठात नव्हतं, म्हणून त्यानं बादली टाकीत ओतली.

तोवर झारेम्बाबाईंनी दुसरी भरली होती.

जिनाभर माणसं उभी राहिली. हुद्दा जितका खाली, तितका माणूस वर. सात बादल्यांनंतर कोणाच्या पँटची इस्त्री राहिली नव्हती. मुली कठड्यावरून वाकून मोजत होत्या. पायलही वर जाऊन त्यांच्यात उभी राहिली होती. ती तिथूनच ओरडली, "मॅडम, पाणी आलं! थ्रू प्रॉपर चॅनेल!"

शोभाताई तोंडाला पदर लावून हसत होत्या. पाहुणीचा कोट भिजू नये म्हणून त्यांनी तो अंगात घातला होता.

पंधराव्या बादलीला कुलगुरूंनी कमरेवर हात ठेवला. "मोटरची फाइल कुठे अडली आहे?"

प्रश्न प्र-कुलगुरूंनी कुलसचिवांना विचारला. कुलसचिवांनी उपकुलसचिवांना. पायरी पायरी चढत तो रुपरावपाशी पोचला. फायली इकडून तिकडे तोच नेत असे. रुपरावनं अश्विनच्या कानात सांगितलं. अश्विननं अधीक्षकांच्या. उत्तर जसजसं खाली आलं, तसतसे चेहरे पडत गेले. शेवटी प्र-कुलगुरू कुलगुरूंच्या कानाशी वाकले.

"सर, आपल्याच टेबलावर आहे."

झारेम्बाबाईंना काही कळलं नव्हतं. त्यांनी सोळावी बादली पुढे केली. कुलगुरूंनी बादलीकडे पाहिलं, आपल्या ओल्या बुटांकडे पाहिलं आणि त्यांना हसू फुटलं. मग प्र-कुलगुरू हसले. मग रीतसर बाकीचे.

"मंजूर," कुलगुरू म्हणाले.

'मंजूर' कुलसचिवांकडे गेलं, उपकुलसचिवांकडे गेलं, एकेक पायरी चढत वर निघालं. उत्तर मात्र एकाही पायरीवर थांबलं नाही. ते तिसऱ्या मजल्यावरून थेट खाली आलं, बावन्न आवाजांत.

"लेखी द्या, सर!"