कव्हरावरची करंगळी

"माझं तोंड तेवढं काढू नगंस, बाकी काय बी काढ," कृष्णात म्हणाला, आणि आकाराम पेंटरच्या हातातला ब्रश तसाच राहिला.

आकाराम आधीच गोंधळलेला होता. सांगलीच्या एस.टी. स्टँडमागं त्याचं दुकान. दुकानांच्या पाट्या, ट्रकमागचे मोर, निवडणुकीतलं गाय-वासरू, काही सांगा, तो डोळे झाकून काढायचा. पण दादासो बँडमास्तरांनी त्याला रेकॉर्डचं कव्हर सांगितलं होतं. मुंबईची एक कंपनी दादासोंच्या बँडची रेकॉर्ड काढत होती. गाणी वरातीतलीच, पण चाल 'स्का'ची. दादासोंचा मेहुणा बोटीवर नोकरीला. त्यानं जमैका नावाच्या कुठल्याशा बेटावरून तसल्या रेकॉर्डी आणल्या आणि मास्तरांच्या अंगात ते वारं शिरलं.

"पण स्का म्हंजी नेमकं काय, मास्तर?" आकारामनं विचारलं होतं.

"ठोका जिथं पडायचा तिथं पडत न्हाई. मधल्या रिकाम्या जागंत पडतो. मानसाचा पाय चुकतो आन् तरी नाचतो."

"मग मी चित्र कशाचं काढू?"

"त्येचंच."

रिकाम्या जागेचं चित्र काढायचं कसं, हे आकारामला कुणी शिकवलं नव्हतं. त्यानं समुद्र काढला, बेट काढलं, बेटावर नारळाची झाडं काढली. दादासो म्हणाले, "ही खोबरेल तेलाची जाहिरात झाली गड्या." शेवटी त्यांनीच तोडगा काढला. आपला ट्रंपेटवाला कृष्णात पुढं काढायचा, चांगला मोठा, बाकीचा बँड मागं. आणि आता हा कृष्णात म्हणत होता, तोंड नको.

"मास्तर म्हनतो तुला मोठा काढ. तू म्हनतोस तोंड नगं. मी काय नुसतं धड काढू व्हय रं?"

कृष्णातनं भिंतीकडं बोट केलं. तिथं एक पत्र्याचा बोर्ड वाळत होता. 'हवालदार नाथाजी मोहिते, माजी सैनिक', आणि वर दोन बंदुका, फुलीसारख्या. एकाहत्तरच्या लढाईनंतर ज्याला त्याला दारावर बंदुका हव्या होत्या.

"ते माझं वडील हायत, आबा," कृष्णात म्हणाला. "घरी वाटतंय मी माधवनगरला गिरनीत हाय. आमच्या घरातलं समदं पलटनीत गेलं. मी एकटा लोकांच्या दारात वाजवतोय. आबांनी हे बगितलं तर मला घर बंद. आईची गाठ बी पडू द्यायचं न्हाईत."

आकारामला त्याची दया आली.

"बरं, वाजव तू. माझ्याकडं तोंड करून उभा ऱ्हा."

कृष्णातनं ट्रंपेट उचललं आणि थेट त्याच्यावर रोखलं. समोरून बघताना पितळेच्या त्या रुंद तोंडामागं त्याचा सगळा चेहरा झाकला गेला. उरले दोन हात आणि मध्ये एक काळंभोर भोक. आकारामनं तेच काढलं. दादासोंनी चित्र बघितलं आणि मांडीवर थाप मारली. "ह्योच की स्का!" कसा ते आकारामला काही कळलं नाही, पण होकार मिळाला हे कळलं.

मंगळवारी हवालदार बोर्ड न्यायला आले. उंच, ताठ, पांढऱ्या मिशांचे. बंदुकांवर त्यांनी एक नजर टाकली आणि मान हलवली. मग त्यांचं लक्ष वाळत ठेवलेल्या चित्राकडं गेलं. ते जवळ गेले, वाकले आणि वाकलेलेच राहिले.

"ह्यो कोन?"

"कोन न्हाई, हवालदार. मनातलं चित्र हाय."

"करंगळी बी मनातलीच?"

आकारामनं वाकून बघितलं. कृष्णातची डावी करंगळी अर्धी होती. चेहरा एवढा जपून झाकला, आणि बोट मात्र दिसलं तसं काढून ठेवलं होतं. पाट्या रंगवणाऱ्याचा हात. समोर असेल ते उतरवायचं, हीच त्याला सवय.

"गुऱ्हाळाच्या चरकात गेली," हवालदार म्हणाले. "फडक्यात हात गुंडाळून मीच पळत इस्लामपूरला नेलं हुतं त्येला."

आकारामला वाटलं, आता कृष्णात बुडाला, आणि तोही आपल्यामुळं. हवालदारांच्या चेहऱ्यावरून राग आहे की दुःख, काही उमगत नव्हतं.

"कोपर लय खाली काढलंयस," ते एकदम म्हणाले.

"आं?"

"कोपर. खाली पडलं की छाती दबती, वारा पुरत न्हाई. वर घे जरा."

हवालदारांनी पायताणाच्या टाचा जुळवल्या. छाती पुढं काढली. रिकामा हात ओठांशी नेला, कोपर वर केलं, गाल भरले. आवाज काहीच आला नाही. पण हात कसा जागच्या जागी बसला होता.

मग त्यांनी हात खाली घेतला आणि आपल्या बोर्डापाशी जाऊन उभे राहिले. बंदुकांच्या रंगावर नखानं ओरखडा काढला.

"ह्या पुसून टाक," ते खालच्या आवाजात म्हणाले. "गावात मी बंदूक चालवली असंच सांगत आलो. तिथं बिगूल काढ, पलटनीत मी त्योच वाजवला. आन् बोर्ड घिऊन पोराला घरी धाड. म्हनावं, तोंड न झाकता ये."