उघड्यावरचा सिनेमा

मॉलच्या गच्चीवर ड्राइव्ह-इन सिनेमा सुरू झाल्याचं कळताच मधुसूदन गुप्ते बायकोला गाडीत घालून निघाले. वाटभर जुन्या ड्राइव्ह-इनचं कौतुक चाललं होतं.

"काय ते दिवस, सुलभा. स्कूटर लावायची, खांबावरच्या स्पीकरखाली चटई अंथरायची. एकेक सिनेमा अजून डोळ्यांसमोर आहे."

"कसा असेल? सुरुवातीच्या नावांच्या पाट्या संपायच्या आत तुम्ही घोरत असायचात," सुलभाताई म्हणाल्या.

गुप्ते ओशाळले. "मग दर शनिवारी यायचीस कशाला?"

"त्या भरल्या घरात तुमचं डोकं माझ्या खांद्यावर कधी आलं असतं?"

सिनेमा सुरू होताच गुप्त्यांनी मुकाट्यानं सुलभाताईंच्या खांद्यावर मान टेकली. गिअरचा दांडा बरगडीत रुतत होता. झोप काही येईना, पण घोरायला त्यांनी मनापासून सुरुवात केली.