बरोबरची खूण

“सर, बाबांनी तुमची खूण पाहिली,” प्रणाली म्हणाली आणि इंग्रजीची वही तिने माझ्या टेबलावर उघडून ठेवली.

गेल्या आठवड्यात मी दहावीच्या वर्गाला ‘एअरी-फेअरी’ हा इंग्रजी बोलीतील शब्दप्रयोग शिकवला होता. ऐकायला गोड, पण व्यवहारात न उतरणाऱ्या बेताला इंग्रज तसे म्हणतात, हे सांगून प्रत्येकाकडून एकेक वाक्य लिहून घेतले होते. प्रणालीने इंग्रजीत लिहिले होते, ‘कोल्हापूरला जाऊन नर्सिंग शिकण्याचा माझा बेत एअरी-फेअरी आहे.’ प्रयोग अचूक होता. मी लाल शाईने बरोबरची खूण केली, ‘उत्तम’ असा शेरा दिला आणि पुढची वही ओढली.

“बाबांनी वाक्याचा अर्थ विचारला, मी सांगितला. ते म्हणाले, बघ, सरांनाही पटलंय. आता कॉलेजचं नाव काढू नकोस.”

“अगं, ती खूण वाक्यरचनेला होती. तुझ्या बेताला नव्हे.”

“मी तेच म्हटलं. ते म्हणाले, चुकीच्या गोष्टीला मास्तर उत्तम कशाला लिहितील?”

तीस वर्षे मी वाक्ये तपासली. त्यांत काय म्हटले आहे याच्याशी परीक्षकाचा संबंध नाही, असे सहकाऱ्यांशी वाद घालून सांगत आलो. मी वही जवळ ओढून ते वाक्य पुन्हा वाचले.

“मग तसं खाली लिहून द्या, सर,” तिने पेन पुढे सरकवले. “मराठीत लिहा. बाबा स्वतः वाचतील.”

त्या निर्दोष वाक्यावर मी फुली मारली, खाली ‘हे चूक आहे’ असे लिहिले आणि सही केली.