खुर्चीखालच्या रेघा

वेल्डिंग करताना बाबा फुटबॉल क्लबच्या नव्या स्टेडियमच्या छतावरून पडून गेले, त्याला अठरा दिवस झाले. उद्घाटनाच्या घाईत खाली जाळीच बांधली नव्हती. क्लबचे मॅनेजर जुन्या स्टेडियममधली बाबांची नेहमीची खुर्ची घेऊन आले. “एकोणचाळीस नंबर, ताई. मुद्दाम काढून ठेवली. काकांसारखा फॅन पुन्हा होणे नाही. तेवढी इथे सही करा, तक्रार नाही म्हणून.” आईने पेनसाठी हात पुढे केला. मी खुर्ची उलटी केली. क्लब हरला की बाबा किल्लीने खुर्चीखाली एक रेघ ओढायचे. तीस वर्षांत बोटभर जागा उरली नव्हती. ही खुर्ची खालून गुळगुळीत होती. “आपला क्लब इतका कधी जिंकला?” मी विचारलं. “खुर्च्या काय, सगळ्या सारख्याच,” ते म्हणाले. मी बाबांची किल्ली आणली, पहिली रेघ ओढली आणि खुर्ची बिनसहीच्या कागदासकट परत केली.