मिक्सरचं पुस्तक

सातव्या महिन्यात जन्मलेल्या नातीला घरी सोडताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "सगळं जरा उशिराच येईल. शिकेल हळूहळू. रोज पुस्तक वाचून दाखवा."

आई-बाप दोघं कामावर, म्हणून आजीनेच पदर खोचला. आज चार वर्षांनी तपासणी होती. पोरगी मागे राहिलेली निघाली तर, अशी धास्ती आजीला होती.

पण पोरीचं तोंड सुटलं ते सुटलंच. रंग सांगितले, ठोकळे मोजले, वर डॉक्टरीणबाईंनाच विचारलं, "तुमच्या राक्षसाला पोटं किती? आमच्याला तीन!"

"अहो, ही तर वयाच्या पुढे आहे! वाचून कोण दाखवतं?"

"मी," आजी ताठ बसली.

नातीने पिशवीतून चुरगळलेलं पुस्तक काढून डॉक्टरीणबाईंना दिलं.

"हे तर मिक्सरसोबत येतं ते माहितीपुस्तक! यात राक्षस कुठाय? नुसती तीन भांडी आहेत."

आजीची मान खाली गेली. अक्षरांशी तिचं कधी जमलंच नव्हतं. चित्रं बघून ती रोज नवी गोष्ट रचायची.

नात तिच्या कानाला लागली, "आजी, यांना वाचता येत नाही गं."

आजीची मान पुन्हा वर झाली.

"असू दे. शिकतील हळूहळू."