खाली ठेवलेला पेला

कर्नलचा हुद्दा हवा तर लढाऊ विमान सोडून अम्मानच्या कचेरीत बसावं लागणार होतं. नायफ आईसाठी तयार झाला; त्याचं प्रत्येक उड्डाण तिनं पंधरा वर्षं जागून काढलं होतं. अभिनंदनाला गोतावळा जमला. नायफनं आईला कॉफी दिली. तिनं पेला तसाच खाली ठेवला. बेदुइन रीतीत ही काहीतरी मागायचं असल्याची खूण. मागणं मान्य होईपर्यंत आता ती घोटही घेणार नव्हती. "माग, आई," नायफ म्हणाला. "कचेरीला नाही म्हणून कळव. हुद्दा गेला खड्ड्यात." "पण तुझ्याचसाठी…" "माझ्या नावावर खपवू नकोस. होकार देऊन महिना झाला, जेवणाला एकदाही नावं ठेवली नाहीस. असला गरीब गाय मुलगा मला नको." "आणि तुझी झोप?" "तुझ्या बापाच्या घोरण्यानं चाळीस वर्षं जागीच आहे मी!" नायफ हसत तिच्या हातावर ओठ टेकवून म्हणाला, "परवाचं मन्सफ खारट होतं."