शेजारच्या पिंजऱ्यातले सहा

रोहिदासच्या हार्मोनच्या रिपोर्टवर यंदाही शून्यच होतं. शहरात दंगली नकोत म्हणून विसाव्या वर्षी प्रत्येक मुलाला पुरुषी हार्मोन दाबणारी शांतीची सुई घ्यावीच लागे, तशी त्यानेही घेतली होती. वर्षभरात सगळं पूर्ववत होतं म्हणे. त्याला आता चार वर्षं झाली होती आणि लग्न तोंडावर आलं होतं.

"घाबरू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गिनीपिगांवर सिद्ध झालंय. कापून खच्ची केलेल्यांचं हार्मोन गेलं ते गेलंच, पण सुईवाल्यांचं वर्षात परत आलं."

शेजारी त्याचे वडील भिकाजी बसले होते. हा प्रयोग झाला त्या प्रयोगशाळेतले पिंजरे तेच सांभाळायचे. एका उन्हाळ्यात पंखा बंद पडला आणि सुईवाले सहाही नर मेले. साहेब फाडून खातील म्हणून भिकाजींनी शेजारच्या पिंजऱ्यातले सुई न टोचलेले सहा धडधाकट नर उचलले, त्यांच्या कानांना तशाच खुणेच्या खाचा पाडल्या आणि ते तिथे ठेवून दिले.

"बाबा, तुम्ही तर त्यांना रोज बघायचात," रोहिदास म्हणाला. "खरंच बरे झाले होते ना सगळे?"

दाराबाहेर विशीतली पोरं सुईसाठी रांगेत उभी होती.

"झाले होते की," भिकाजी म्हणाले. "सहाच्या सहा."